भिवाच्या गाडीचा लाल दिवा

सलिलचा फोन आला तेव्हा मी जेवून नुकता आडवा झालो होतो. "काका, बाबांची गाडी आज काढून टाकतोय. चार वाजता भंगारवाल्याचा टेम्पो येईल. आई अडून बसलीये, आधी गणूकाकांना दाखव म्हणून. तुम्ही येऊन फक्त सांगा ना तिला, की इंजिन गेलंय."

म्हणजे गाडी बघायला नाही, मृत्यूचा दाखला द्यायला बोलावणं होतं. माझं टाळकंच सरकलं. उभा जन्म वागळे इस्टेटमध्ये इंजिनं उघडण्यात गेला माझा. न बघता इंजिन गेलं म्हणायला मी काय पोपटवाला ज्योतिषी आहे? फोनवर नुसतं "येतो" म्हणालो, हत्यारांची पिशवी खांद्याला मारली आणि ठाण्याहून ठाकुर्ली गाठली.

गाडी भिवाची. भिवा म्हणजे माझा दोस्त, सलिलचा बाप. त्याला जाऊन दोन-अडीच वर्षं झाली. आम्ही दोघं वागळेतल्या एकाच कारखान्यात फिटर होतो. त्याने ही छोटी पांढरी सेकंडहँड गाडी घेतली, तेव्हा अख्खं खातं ती बघायला गेटवर आलं होतं. मी तेव्हा डोंबिवलीत राहायचो. रोज शिळफाट्याच्या रस्त्याने तिच्यातून कामावर जायचं. पुढे भिवा आणि मी, मागे तिघं दाटीवाटीने, आणि सगळ्यांचे डबे मांडीवर. माझ्या बाजूची काच घसरायची, ती हाताने वर धरून ठेवणं हे माझं काम. हात अवघडला की भिवा म्हणायचा, "गण्या, फुकट येतोस, निदान काच तरी सांभाळ!" सुट्टी आली की दोन्ही घरं मिळून खडवलीला नदीवर. जया वहिनींची तांदळाची भाकरी आणि सुकट, आणि भिवाचे तेच तेच विनोद. त्या गाडीत मी जेवढा हसलोय, तेवढा नंतर कुठेच हसलो नाही. हे दिवस परत येत नसतात असं तेव्हा कोणी सांगितलं असतं, तर हात दुखतो म्हणून मी एकदाही कुरकुरलो नसतो.

इमारतीच्या मागे पत्र्याखाली गाडी उभी होती. मला वाटलं होतं, धूळ आणि कावळ्यांची घाण असेल. पण गाडी लख्ख! वहिनी पदर खोचून बोनेट पुसत होत्या.

"या भाऊजी. बघा ना हिला काय झालंय. मी दर रविवारी चालू करून ठेवते, सलिलने शिकवलंय. हल्ली तो लाल दिवा विझतच नाही. झारीचं चित्र आहे ना, तो. आणि आतून टकटक टकटक."

"ऑइल प्रेशर लो आहे काका," सलिल म्हणाला. "परवा मी लिटरभर ऑइल टाकलं. लाईट गेली नाही, आवाज उलटा वाढला. मग इथला एक मेकॅनिक येऊन ऐकून गेला. म्हणाला बेअरिंग गेले, हिच्यावर खर्च करू नका." मग आवाज खाली करून म्हणाला, "मी घरी येतो रात्री नऊला. चालवणार कोण हिला? आईचा जीव अडकलाय म्हणून इतके दिवस ठेवली."

पोरगं खोटं बोलत नव्हतं. पण इंजिन जर खरंच गेलं असेल, तर तासाभरात टेम्पो ही गाडी घेऊन जाणार, आणि वहिनींना ते माझ्या तोंडून ऐकावं लागणार. त्या माझ्याकडेच बघत होत्या.

मी किल्ली फिरवली. दिवा लालच. आवाज सुरू. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावलं आणि मूठ कानाला. जुनी सवय, डॉक्टर छातीला नळी लावतो तशी. बेअरिंग गेलं की आवाज खालून येतो, जड, कोणी मुठीने दार ठोकतंय असा. हा आवाज वरून येत होता, झाकणाखालून, बारीक आणि घाईचा. म्हणजे वरच्या भागाला तेल पोचत नव्हतं.

इंजिन बंद केलं, जरा थांबलो आणि तेल मोजायची पट्टी ओढली. तेल तिच्या दोन खुणांच्या मध्ये असायला हवं. इथे पट्टी मुठीपर्यंत माखलेली, आणि तेलात बुडबुडे.

"सलिल, नक्की किती घातलंस?"

"एकच लिटर, शप्पथ."

"हे एका लिटरचं काम नाही. इथे दुप्पट तेल आहे."

"पण तेल जास्त असेल तर प्रेशर कमी कसं होईल?"

"अरे, तेल प्रमाणाबाहेर चढलं की खाली फिरणारा दांडा त्यात बुडतो आणि रवीसारखा घुसळत बसतो. फेस होतो. पंप मग तेलाऐवजी फेस ओढतो, आणि फेसाला कसला आलाय जोर? दिवा लागतो. दिवा लागला की तुझ्यासारखे शहाणे अजून तेल ओततात."

सलिल ओशाळला. तेवढ्यात मागून वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊजी, तेल मी घालते ना. दर अमावास्येला."

आम्ही दोघंही वळलो.

"हे नाही का घालायचे? चाकाशी नारळ फोडायचे, लिंबू ठेवायचे, मग इंजिनात वाटीभर गाडीचं तेल. हे गेल्यापासून मी एकसुद्धा अमावास्या चुकवलेली नाही."

मला हसू आलं. भिवाच्या इंजिनाच्या रिंगा झिजल्या होत्या. गाडी रोज चालायची आणि तेल प्यायची. उघडू या म्हटलं की म्हणायचा, "म्हातारपणी थोडं जास्त खातं माणूस, म्हणून पोट फाडतोस काय?" तारखा त्याच्या लक्षात राहायच्या नाहीत, म्हणून नारळाच्या दिवशीच तेलही घालून टाकायचा. वहिनींना ती पूजाच वाटली. पण आता गाडी उभ्याउभ्या कितीसं पिणार?

"म्हणजे माझ्यामुळेच बिघडली ती?" वहिनींचे डोळे भरले.

"बिघडली नाही हो. जेवण जास्त झालंय. पोट हलकं करू."

बोललो मोठ्या तोऱ्यात, पण मनातून चरकलो होतो. फेसावर किती दिवस चाललंय कोणाला माहीत, बेअरिंग खरंच खाल्ले गेले असतील तर? सलिलला नवीन तेल आणायला पिटाळलं. वहिनींकडून कपडे भिजवायचा छोटा, बसका टब मागून घेतला, गाडीखाली सरकवला आणि खालचा बोल्ट सोडला. तेल पडतच राहिलं. नवीन तेल खुणेपर्यंत भरतोय तोच गेटवर टेम्पोचा हॉर्न वाजला.

किल्ली फिरवली. दिवा क्षणभर लाल राहिला आणि विझला. टकटक मात्र चालूच. टेम्पोवाला पुन्हा हॉर्न मारत होता. मग टकटक विरळ झाली, अडखळली आणि थांबली. उरली ती भिवाच्या गाडीची जुनी घरघर.

सलिल बोनेटवर हात ठेवून उभा राहिला. "शाळा सुटल्यावर असाच आवाज यायचा काका. मी न बघता सांगायचो, बाबा आले." आणि तो गेटवर जाऊन टेम्पोवाल्याला परत पाठवून आला. "रविवारी मी चालवीन आई," म्हणाला. "तू फक्त शेजारी बस."

मी हात पुसले. "वहिनी, नारळ फोडा, लिंबू ठेवा. तेल मात्र आता मी सांगेन तेव्हाच."

पण त्यांचं लक्ष नव्हतं. त्या वाकून टबाकडे बघत होत्या. टब काठोकाठ भरला होता.

"एवढं मीच घातलं?"

"थोडं आधीचं, थोडं सलिलचं. बाकी तुमचंच."

"वाटीवाटीनेच घालत होते हो," वहिनी म्हणाल्या. मग त्या तिथेच जमिनीवर बसल्या. "भाऊजी, ह्यांना जाऊन इतके दिवस झाले?"