खालच्या कप्प्यातले अठरा जण

मी एक जुना फ्रीझर आहे, मित्रांनो. दार उघडून आईस्क्रीम शोधू नका. माझ्या पोटात कितीतरी वर्षं माणसांचं रक्त राहिलं. त्यातल्या एका बाईच्या रक्ताने तिच्याविरुद्ध खोटी साक्ष दिली, आणि ती माझ्यामुळे दिली. हे मनात ठेवून गंजण्यापेक्षा तुम्हाला सांगून टाकलेलं बरं.

कारखान्यात पत्रा, फोम, नळ्या आणि एक कॉम्प्रेसर एकत्र आले आणि मी झालो. तपासणाऱ्या माणसाने तीन दिवस माझ्या पोटात तापमापक ठेवला. काटा उणे वीसवरून हलला नाही. "हा गुणी आहे, कुरकुर करणार नाही," असं म्हणून त्याने माझ्या दारावर हिरवी चिठ्ठी लावली. त्या एका वाक्यावर मी पुढची कितीतरी वर्षं फुशारलो. गुणी म्हटलं की अंगावर मूठभर मांस चढतं, ते पत्र्यालाही चढतं.

मला एका मोठ्या इस्पितळाच्या सांधेविकार विभागात आणलं. खोली लहान होती. एक खिडकी, रक्त द्यायला बसण्याची रुंद हाताची खुर्ची, टेबलावर नळ्या गरगर फिरवणारं यंत्र. त्या यंत्रात रक्त फिरवलं की तांबड्या पेशी तळाला बसतात आणि वर पिवळसर पाणी राहतं. खुर्चीच्या बाजूला, भिंतीला पाठ लावून मी उभा राहिलो. माझ्या डोक्यावर एक जाड नोंदवही आणि एक कुंडी. कुंडीतलं झाड कधीच मेलं होतं, पण तिला हलवायचं काम कुणाचं हे ठरत नव्हतं.

खोलीचा कारभार रक्त काढणाऱ्या बाईकडे होता. रुग्ण तिला सुईताई म्हणत. हात इतका हलका की लोक विचारत, "झालं? घेतलंस?" ती दर सोमवारी ओल्या फडक्याने माझं दार पुसायची, साठलेला बर्फ काढायची आणि माझ्याशी बोलायची. "तुझं बरं आहे रे, तुला गुडघे नाहीत," हे तिचं नेहमीचं.

मग शेजारच्या खोलीत नवा फ्रीझर आला. माझ्या दीडपट उंच, दारावर चमकते आकडे, आणि थंडी उणे ऐंशी. त्याच्यासाठी वेगळी वायर ओढली, वेगळं कुलूप केलं, रक्ताच्या नळ्या सगळ्या तिकडे गेल्या. माझ्याकडे बर्फाच्या पिशव्या आणि औषधांच्या बाटल्या उरल्या. मला राग आला, खोटं कशाला बोलू?

त्याच सुमारास विभागाच्या मोठ्या मॅडमनी एक अभ्यास काढला. आमवात म्हणजे काय ते तुम्हाला सांगतो. शरीराचं संरक्षण करणारी ताकद वाट चुकते आणि आपल्याच सांध्यांवर चालून जाते. बोटं सुजतात, सकाळी मूठ वळत नाही. मोठ्या मॅडमना बघायचं होतं की माशाच्या तेलातली मेदाम्लं, म्हणजे चरबीचे ते बारीक घटक, रक्तात वाढली तर या आजाराचा जोर कमी होतो का. ऐंशी रुग्ण निवडले. नेहमीची औषधं चालूच ठेवायची, वर रोज दोन चमचे तेल, वर्षभर. सुरुवातीला आणि शेवटी रक्त द्यायचं. मॅडम दोन्ही वेळा प्रत्येकाचे अठ्ठावीस सांधे दाबून बघणार, किती दुखतात, किती सुजलेत ते मोजणार. ज्याच्या त्याला त्याचे आकडे सांगणार, असंही त्यांनी कबूल केलं.

या ऐंशींमध्ये शिवणवाल्या मावशी होत्या. चाळीस वर्षं कपडे शिवलेली बाई. पहिल्या दिवशी खुर्चीत बसल्या तेव्हा उजव्या हाताची बोटं अशी फुगली होती की कात्रीच्या कड्यात अंगठा जाईना. कापड कापायला लेकीला बोलवावं लागे. "माझ्या हाताखाली शिकली आणि आता मलाच सांगते, आई, वाकडं धरलंयस," असं त्या हसत म्हणाल्या, पण ते हसू काही खरं नव्हतं.

तेलाची बाटली हुंगून त्यांनी नाक मुरडलं. "हे रोज प्यायचं? आमचे हे तर घर सोडून जातील."

"जाऊ दे की मावशी, तेवढाच तुम्हाला आराम," सुईताई म्हणाली.

मावशी दर महिन्याला रिकामी बाटली परत करून भरलेली नेत. नाक दाबून प्यायच्या, वर लिंबू चोखायच्या. गावी चार दिवस राहायला गेल्या तेव्हा बाटली जुन्या मोज्यात गुंडाळून नेली होती. एकदा त्यांना सुईताईच्या अ‍ॅप्रनचा खिसा उसवलेला दिसला. "काढ तो, दे इकडे." चार दिवसांनी अ‍ॅप्रन परत आला. खिशाला दुहेरी शिलाई होती, हाताने घातलेली. चार दिवस एका खिशाला लागले म्हणून मावशी ओशाळल्या होत्या. नवव्या-दहाव्या महिन्यात मात्र त्या आत आल्या आणि खुर्चीत बसायच्या आधी अंगठा आणि बोट कात्रीसारखं उघडून-मिटून दाखवलं. तेलाने झालं, औषधाने झालं की आजाराने आपणहून दम घेतला, मला माहीत नाही. तेच तर शोधायचं होतं.

वर्ष संपत आलं. शेवटचं रक्त घ्यायला सुरुवात झाली आणि दुसऱ्याच आठवड्यात उणे ऐंशीवाल्याने मान टाकली. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! सगळी धावपळ झाली. होते ते खोके कोरड्या बर्फात घालून दुसऱ्या विभागाच्या फ्रीझरकडे नेले, आणि त्यांची यादी करून उणे ऐंशीवाल्याच्या दारावर चिकटवली. पण त्या दिवसांत रोज नवीन रक्त येत होतं. त्यासाठी सुईताईने माझा खालचा कप्पा रिकामा केला. अठरा जणांच्या तांबड्या पेशी एका खोक्यात माझ्याकडे आल्या. त्यात मावशींच्याही होत्या.

मोठ्या मॅडमनी माझ्या दारावर हात ठेवला. "बघा, शेवटी जुनंच कामाला आलं."

मित्रांनो, तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात मानाचा दिवस होता. मी अगदी जीव लावून गार राहिलो.

चार-पाच दिवसांनी उणे ऐंशीवाला दुरुस्त झाला. सुईताईने यादी हातात घेतली आणि यादीतले खोके एकेक करून परत लावले. माझ्यातलं खोकं यादीत नव्हतंच, ते यादी झाल्यानंतर आलं होतं. ते राहिलं. एक महिना राहिलं, पाच महिने राहिलं. सगळे नमुने तपासायला पाठवायची वेळ आली तेव्हा ते तिला खालच्या कप्प्यात सापडलं. तिने एक नळी उजेडात धरली. दगडासारखी घट्ट होती. "गोठलेलंच आहे की," ती स्वतःशी म्हणाली आणि खोकं बाकीच्यांत ठेवून दिलं.

इथेच सगळं चुकलं. गोठलेलं दिसतं ते सगळं टिकलेलं नसतं. तांबड्या पेशींत लोह असतं, ते चरबी नासवतं, आणि माझ्यासारख्या उणे वीसच्या थंडीत त्याचं काम थांबत नाही. माशाच्या तेलातली ती मेदाम्लं नाजूक असतात. काही आठवड्यांतच ती नासायला लागतात, पाच महिन्यांत तर धुळीला मिळतात. उणे ऐंशीत ती वर्षानुवर्षं राहिली असती. मी हिरव्या चिठ्ठीला जागलो, एक अंशही हललो नाही, आणि माझ्या पोटात अठरा माणसांचं वर्षभराचं तेल नाहीसं झालं.

आकडे आले त्या दिवशी मावशी मुद्दाम आल्या होत्या. लेकीलाही सोबत आणलं होतं. मॅडमनी कागद बघितला आणि चष्मा काढला.

"मावशी, खरं सांगा. तेल घेत होतात ना?"

"रोज. एक दिवस चुकवला नाही."

"रक्तात तर काहीच दिसत नाही. सुरुवातीला होतं त्याच्याहून कमी आहे."

"बाटल्या रिकाम्या आणून दिल्या की मी."

"बाटली ओतूनही रिकामी होते," मॅडम म्हणाल्या. आवाज चढवला नाही, शांतपणेच म्हणाल्या. "मी रागवत नाहीये. वास येतो, नकोसं होतं, समजू शकते मी. पण मग तसं सांगायचं."

मावशींनी लेकीकडे बघितलं. लेक जमिनीकडे बघत होती. सुईताई नळ्यांवर चिठ्ठ्या लावत होती आणि तिचा हात थांबला होता.

सगळे गेल्यावर तिने माझ्या डोक्यावरची नोंदवही उघडली. मावशींसारखेच ज्यांचे आकडे घसरले होते, त्यांची नावं एकेक करून तिने बोटाने शोधली. अठराच्या अठरा त्याच चार-पाच दिवसांतली, एका खोक्यातली. तिने माझा खालचा कप्पा ओढला, रिकामा आहे हे बघितलं आणि सावकाश आत ढकलला.

दुसऱ्या दिवशी मॅडम खोलीत आल्या तेव्हा तिने तोंड उघडलंही. "मॅडम, ते अठरा नमुने..."

"हो, काढून टाक अभ्यासातून. 'तेल घेतलं नाही' असा शेरा लिही. लोक खोटं बोलतात, आपण काय करणार? बरं झालं तू आहेस, नाहीतर या गोंधळात एक नळी जागेवर राहिली नसती."

"बरं," सुईताई म्हणाली, आणि तिने शेरा लिहिला. चोर सोडून संन्याशाला फाशी कशी देतात ते मी हाताच्या अंतरावरून पाहिलं. मला तिचा संताप आला आणि कीवही आली. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. पण मला फक्त गुरगुरता येतं, आणि ते कॉम्प्रेसर चालू आहे एवढंच सांगतं.

त्यानंतर तिने माझ्याशी बोलणं सोडलं. सोमवारची पुसापुशी थांबली. माझ्या रबराला भेगा पडल्या, आत बर्फाची पुटं चढली. आता मला भंगारात द्यायचं ठरलं आहे. त्याचं मला काही वाटत नाही.

वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. मागच्या आठवड्यात मावशी नेहमीच्या तपासणीला आल्या. वर्ष संपल्यावरही चालू ठेवलेलं तेल त्यांनी आकडे आले त्याच दिवशी सोडलं होतं. बोटं पुन्हा फुगली होती. खुर्चीत बसून त्यांनी बाही वर केली. सुईताईच्या अंगात तोच अ‍ॅप्रन होता, दुहेरी शिलाईचा.

"कशा आहात मावशी?" तिने खाली बघतच विचारलं.

"बरी आहे. लेक काही बोलत नाही, पण गोळ्या आता मोजून हातावर ठेवते. मी गिळेपर्यंत उभी राहते." मावशींनी बाही आणखी वर सारली. "आधी फार राग आला होता गं मला. पण आता वाटतं, चुकलेही असतील माझे दिवस. वय झालं. मीच घेतलं घेतलं म्हणत असेन. रक्त कशाला खोटं बोलेल?"

सुईताईने दंडाला पट्टा बांधला. तिचे ओठ हलले. मी कॉम्प्रेसर बंद पाडून श्वास रोखून धरला, की आता तरी बोल.

"मूठ आवळा, मावशी," ती म्हणाली.

मावशींनी आवळून बघितली. बोटं तळव्यापर्यंत पोचली नाहीत.

मित्रांनो, उद्या मला न्यायला गाडी येणार आहे, म्हणून तुमच्याकडे एक मागतो. तुमच्यातलं कुणी मोठं होऊन अशा खोलीत काम करेल. तेव्हा हातातली नळी कोणत्या दिवशी कुठे ठेवली होती ते लिहून ठेवा. चुकलात तर चूकही लिहा, त्याच दिवशी, त्याच शाईने. आणि एखादी बाई म्हणाली की मी रोज घेत होते, तर तिला खोटं ठरवण्याआधी एकदा फ्रीझर बघून या. मी तिथेच उभा होतो. मला कुणी विचारलं नाही.