काळकाईची दातेरी अळंबी

त्र्यंबक धारप पुण्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर होते; म्हणजे विद्या प्रोफेसरांची आणि हात ह्यांचे. चाळिशी उलटली तरी जगात त्यांच्या नावाने ओळखली जाईल अशी एकही वस्तू नव्हती. छत्रीसुद्धा कोणीतरी बदलून नेई. शास्त्रात मात्र एक सोय आहे. नव्या जातीचं पहिलं वर्णन जो छापतो, त्याचं नाव तिच्या नावामागे शेपटीसारखं कायमचं लागतं. त्या शेपटीसाठी एकोणीसशे एकतीसच्या भाद्रपदात धारप महाडला उतरले, सर्व्हिस मोटारीने पोलादपूरला गेले आणि तिथून जळवा पोसत डोंगरातल्या एका वाडीवर चढले.

वाडीच्या वर काळकाईची राई होती. देवीच्या मालकीचं रान. तिथे पडलेल्या ऐनाच्या खोडाखाली ती अळंबी त्यांना दिसली. वरून चारचौघींसारखी, तपकिरी, टोपीवाली. खालून पाहावं, तर जिथे पापुद्रे असायचे तिथे दात. बारीक, पिवळट, टोकदार दात, खाली लोंबणारे. मांजराने जांभई द्यावी आणि तोंड मिटायचं विसरावं, तसे. विलायतेत असल्या दातेरी अळंब्या ओकच्या जंगलात मिळतात असं पुस्तकात होतं. आपल्याकडे ओक हे आडनाव, त्याच्याखाली काही उगवत नाही. तेव्हा ही जात नवीच! धारपांनी ती अलगद उपटून पानावर ठेवली.

अडचण एवढीच, की राईतून काही बाहेर न्यायचं नसे. वाळकी काटकीसुद्धा नाही. न्यायचं तर देवीचा कौल हवा. गोमाजी गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर घेऊन जा, डावी पडली तर नुसतेच जा. पण भाद्रपदातली ओल ती. कळ्या चिकटल्या त्या चिकटल्या.

"आई इचार करते," गोमाजी म्हणाला.

"किती वेळ करते?"

"तुमी पुन्याला जाऊन येवा न् मग इचारा. तिला कुठं मोटार गाठायची हाय?"

धारप वकिलाच्या घरात वाढलेले. कौल लागतो तो बाहेर न्यायला, आत बसून वर्णन करायला नव्हे, असा त्यांनी अर्थ लावला आणि दगडावर बैठक मारली. चित्र काढलं. रंग लिहिला. वास लिहिला, ओल्या गोणपाटाचा. राहिली चव. तिचीही रीत ठरलेली आहे. बोराएवढा तुकडा चावायचा, जिभेवर घोळवायचा आणि थुंकून टाकायचा. गिळला नाही तर विषारीसुद्धा बाधत नाही. धारपांनी तुकडा चावला, घोळवला, गाल फुगवून बाजूला वळले—

"मास्तर!" गोमाजी ओरडला. "राईत थुकायचं नाय!"

कोणी दटावलं की तोंडातलं मुकाट गिळायचं, हे धारप मुंजीच्याही आधी शिकले होते. त्यांनी गिळलं.

राई एकदम शांत झाली. निदान धारपांना तशी वाटली.

"तुम्ही लोक ही खाता ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"राईतलं कोन खाईल?"

"कधीतरी? दुष्काळात?"

"नाय बा."

"गुरं?"

"गुरं आत येत नाय. ती काय येडी हाईत?"

धारपांनी अळंबीकडे पुन्हा पाहिलं. जात नवी होती. म्हणजे तिच्याबद्दल जगातल्या कुठल्याही पुस्तकात 'खाण्यास उत्तम' लिहिलेलं नव्हतं आणि कवटीचं चित्रही नव्हतं. आत्तापर्यंत हीच गोष्ट त्यांच्या आनंदाची होती. आता ते मनातून धावा करू लागले, की ही जात जुनी निघो, अगदी सामान्य निघो, कोणा जर्मनाने शंभर वर्षांपूर्वी लोण्यात परतून मिटक्या मारत खाल्लेली असो.

त्यात शिक्षण आडवं आलं. सगळ्यांत जहरी अळंब्या लगेच बाधत नाहीत, हे ते स्वतःच मुलांना सांगत. माणूस खातो, हिंडतो-फिरतो, झोपतो, आणि आत काळीज-यकृत कुजत जातं. धारपांनी पोट चाचपलं. काहीच होत नव्हतं. लक्षण वाईट होतं.

एवढ्यात गोमाजीची बायको गोदूबाई आरडाओरडा ऐकून राईभोवतीच्या दगडी गडग्याशी आली. तिच्यामागे पुतण्या सयाजी, गणपतीला मुंबईच्या मिलमधून आलेला. गोमाजीने झालं ते आतूनच ओरडून सांगितलं.

"मीठपानी पाजा त्येला," गोदूबाई गडग्यापलीकडून म्हणाली. "वकून टाकू दे."

"काकी, टाइम नाय," सयाजी म्हणाला. "डोली करून महाडला डाक्टरकडं न्यायचा. आमच्या चाळीत एक असाच खलास झाला. एकदम हसत होता."

"हसत?" धारपांनी विचारलं.

"शेवटपर्यंत."

धारप तीरासारखे निघाले. गोमाजी दोन्ही हात पसरून आडवा आला.

"कौल नाय आला, मास्तर."

"अहो, अळंबी ठेवून जातो ना मी!"

"आन् पोटातली?"

गोमाजी खाष्ट नव्हता. तोही घाबरला होता. "हितं वकाल तर इटाळ, भायेर न्याल तर चोरी. मागं एकानं कोयत्याला दांडा नेला, तर म्हस मेली न् मग बाप मेला. वाडीत पोरंबाळं हाईत, मास्तर. मी काय करू?"

"काय करू काय?" गोदूबाई कडाडली. "मरंल तो आत! मग मढं कसं काढनार? त्येला कौल लावत बसशील?"

गोमाजीचा चेहरा पांढरा पडला. हा त्याने विचार केला नव्हता. धारपांनीही केला नव्हता. आता दोघे करू लागले.

गोमाजीने जुन्या कळ्या काढल्या, नव्या लावल्या आणि खड्या आवाजात विचारलं, "आई, पोटातल्यासकट जाऊ दे का?"

देवी म्हणजे शेंदराचा उभा दगड आणि चांदीचे दोन डोळे. धारप नास्तिक होते. त्या विषयावर त्यांनी वसंत व्याख्यानमालेत भाषणही केलं होतं. ते हात जोडून उभे राहिले. पोटात काहीतरी गुरगुरलं. ती अळंबी होती की सकाळची भाकरी, हे कळायला मार्ग नव्हता. आई, ते मनात म्हणाले, तुझं तुला राहू दे. नाव नको, शेपूट नको.

डावी कळी हलली. धारपांनी डोळे मिटले.

"उजवी!" गोमाजी ओरडला. "उजवी पडली! आई राजी हाय!" त्याला आनंदाने रडू यायचं बाकी होतं. "मास्तर, थांबा वाईच. आज ती देनार. अळंबीचं बी लगेच इचारतो."

अळंबी पानावर पडली होती, दात वर करून. ताजी, अख्खी, साऱ्या जगाला अनोळखी. फक्त एक प्रश्न विचारायचा होता. पण वरच्या कोर्टात गेलं की खाली मिळालेलंही कधीकधी जातं, हे धारप वडिलांच्या पक्षकारांकडे पाहून शिकले होते.

"नको!" ते किंचाळले. "काही विचारू नका! तिला काही विचारू नका!"

आणि चित्रं, चष्मा, अळंबी सगळं तिथेच टाकून त्यांनी गडग्यावरून उडी मारली.

गोदूबाईने अंगणात मीठपाण्याचा तांब्या त्यांच्या तोंडाला लावला. सगळं बाहेर आलं. भाकरी आली, चहा आला. सयाजी पाठीवर थापट्या मारत होता. गोदूबाई गुडघ्यांवर हात टेकून खाली वाकली आणि निरखून पाहू लागली.

"काय बघता?" धारपांनी धापा टाकत विचारलं.

"दात," ती म्हणाली. "येक बी दिसत नाय."

धारपांनी रिकामा तांब्या पुढे केला.

"अजून आणा," ते म्हणाले. "आणि मीठ जरा जास्त घाला."