तळघरातली शिकवणी

यांच्या कंपनीने आम्हाला काही महिन्यांसाठी परदेशात आणलं, तेव्हा माझं इंग्रजी कागदावर उत्तम होतं आणि तोंडाला मात्र कुलूप. कोणी मला काही विचारलं की उत्तर हे देत. मी शेजारी नुसती हसत उभी. कडेवरची लेकही माझ्यापेक्षा जास्त बोलायची, आणि तिला तर अजून धड बोलताही येत नव्हतं!

इमारतीच्या तळघरात कपडे धुवायची खोली होती. मशीन लावलं की माणूस तिथेच बाकावर अडकतो. म्हटलं, बोलायच्या सरावाला याहून चांगला वर्ग कुठला! मग मी एका धुण्याची तीन धुणी केली. सकाळी दुपटी, दुपारी टॉवेल, संध्याकाळी उरलंसुरलं.

"अगं, घरात माणसं अडीच आणि धुणं लग्नघराचं?" हे म्हणाले.

"तुमचे मोजेच तेवढे आहेत!"

बाकावर एक आजी भेटत, जन्मभर बस चालवून निवृत्त झालेल्या. मी मोडकंतोडकं बोलायची, लेक त्यांच्या चष्म्याला लोंबकळायची. एकदा त्यांनी मध्येच विचारलं, "मी आत्ता काय म्हणाले, सांग." मी खजील. काही कळलं नव्हतं, तरी 'येस, येस' म्हणत मान डोलावली होती. मोठ्यांचं बोलणं तोडू नये, हे अंगात मुरलेलं.

"न कळता येस म्हणणारे माझ्या बसमध्ये कायम भलत्या स्टॉपवर उतरायचे," आजी म्हणाल्या. तेव्हापासून त्या मुद्दाम विचारायच्या, "ही मुलगी मला देऊन टाकतेस ना?" मी ठणकावून "नो" म्हणेपर्यंत पिच्छा सोडायच्या नाहीत.

परतायला थोडेच दिवस उरले होते. एका सोमवारी सकाळी लेक तापाने फणफणली. कान ओढून रडत होती, दुधाला तोंड लावेना. हे कारखान्यात, तिथे फोन आत नेऊ देत नाहीत. दवाखान्याला फोन मलाच करायचा होता.

पलीकडची बाई भरभर बोलली. मी मान डोलावली. "हॅलो? आहात ना?" फोनवर माझी मान कोणाला दिसणार! घाबरून "येस, येस" म्हटलं, तर तिने गुरुवारची वेळ देऊन टाकली.

"नो!"

आवाज एवढा मोठा निघाला की लेकही क्षणभर गप्प झाली. "गुरुवारी नाही, आज. तिला ताप आहे, कान दुखतोय, सकाळपासून दूध घेत नाही. तुम्ही हळू बोला, मी सगळं सांगते."

बाई हळू बोलू लागली. कळलं त्याचं उत्तर दिलं, न कळलेलं पुन्हा विचारलं. व्याकरण मेलं तिकडे! शेवटी ती म्हणाली, "लगेच घेऊन या."

कारखान्याच्या गेटवर फोन करून निरोपही मीच ठेवला. हे धापा टाकत पोचले, तेव्हा डॉक्टरीणबाई लेकीचा कान तपासत होत्या. "बाळाला लघवी कधी झाली होती?" त्यांनी यांच्याकडे बघून विचारलं. यांनी सवयीने तोंड उघडलं आणि मिटलं.

"हिला विचारा," हे म्हणाले, "हिला सगळं माहीत आहे."

मी सांगितलं. पुढचंही सगळं मीच सांगितलं. हे लेकीची पिशवी मांडीवर घेऊन शहाण्या मुलासारखे बसून होते.

परतताना लेक माझ्या खांद्यावर शांत झोपली.

"औषध कधी द्यायचं म्हणाल्या गं त्या?" यांनी हळूच विचारलं.

"दूध पाजल्यावर. आणि उद्या फोन करून कसं आहे ते कळवायचंय."

"मी करू?"

"नको," मी म्हटलं. "त्या माझ्या फोनची वाट बघतील."