बाहेरची कडी

बादलीचं झाकण त्याने तिच्या बोटांवरच दाबून धरलं. ती ओरडली नाही. ओरडलं की तो आणखी जोर लावतो, हे तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं.

"पुन्हा धरशील बाटली माझ्या नाकासमोर? सकाळी सकाळी?"

"नाही धरणार."

"सुट्टीवर आलोय आपण. शास्त्रज्ञबाईंची लॅब नाही ही."

अंगाचा सगळा भार देऊन त्याने एकदा शेवटचं दाबलं आणि सोडलं. जाता जाता बाटलीला लाथ मारली. ती पत्र्यावरून गडगडत पायरीवर आपटली आणि खाली वाळूत जाऊन पडली. बूच घट्ट होतं म्हणून सांडलं काही नाही. सासूबाईंची सकाळची लघवी होती ती. रंग कोऱ्या चहाचा, आणि उन्हात त्यात लाल झाक दिसत होती. बोटं काखेत धरून ती तिकडेच बघत राहिली.

लग्नाआधी ती रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. सकाळी घरोघरचे नमुने गोळा करायची व्हॅनही तीच चालवायची. असा रंग, सोबत थंडी वाजून ताप आणि पाठीत कळ असं म्हाताऱ्या माणसाचं दिसलं, की लागण मूत्रपिंडापर्यंत गेली असं धरायचं, रिपोर्ट छापायची वाट बघायची नाही, आधी डॉक्टरला फोन करायचा, अशी तिथली शिस्त. इथे तळ्याकाठी फोनला रेंज नव्हती. हॉस्पिटल मागे, हमरस्त्यावरच्या गावात राहिलं होतं. "आज परत फिरू या," एवढंच ती त्याला म्हणाली होती, आणि त्याचा विश्वास बसावा म्हणून बाटली पुढे केली होती.

चूक तिचीच, असं सासूबाईंचं मत पडलं. बाकावर पांघरुणाची गुंडाळी करून त्या पडल्या होत्या आणि बोलताना त्यांचे दात वाजत होते.

"किती वेळा सांगितलं तुला, त्याचा चहा होईपर्यंत त्याच्या वाटेला जाऊ नकोस. तूच डिवचतेस त्याला."

"आई, ताप आहे तुम्हाला."

"असू दे. येतो तसा जातो. बोटं दाखव बघू. हलतात ना? मग झालं."

छोट्या ट्रकच्या हौद्यावर बसवलेली ही पत्र्याची खोली त्याने स्वतः बांधली होती. तो वेल्डर होता आणि त्याच्या हातात कसब होतं, हे त्याच्याशी भांडलेले लोकही कबूल करत. पुढच्या बाजूला, केबिनच्या टपावर आलेली झोपायची फळी नवरा-बायकोची. खाली सासूबाईंचा बाक, एक शेगडी, आणि दाराला अगदी लागून शौचाची बादली. खिडक्यांना चोरांच्या भीतीने सळ्या, छताला हवेसाठी झडप. केबिनमध्ये हाक मारता यावी म्हणून मधल्या पत्र्यात वीतभर सरकती काच. रस्ता खडबडीत लागला की दार आपोआप उघडायचं, म्हणून त्याला बाहेरून जाड पट्टीची कडी होती. "हत्ती कोंडला आत तरी हलायची नाही," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला कडी वाजवून दाखवत सांगे.

बादलीची व्यवस्था मात्र तिची. पातळ आणि घट्ट एकत्र आलं की वास सुटतो, वेगळं ठेवलं की नाही. सगळी युक्ती एवढीच. लघवी नरसाळ्यातून बाटलीत जायची. बादलीत जाड पिशवी, वर सीट, आणि प्रत्येकाने उठताना ओंजळभर कोरडा भुसा टाकायचा. भुसा त्याच्याच वर्कशॉपशेजारच्या सुताराकडून तिने पोतंभर मागून आणला होता. काड्यापेटीएवढ्या जागेत तीन माणसं राहत होती, तरी नाकाला रुमाल लावायची वेळ एकदाही आली नव्हती. त्याबद्दल तिला कुणी शाबासकी दिली नाही. वास येत नाही, ही गोष्ट कुणाच्या लक्षात येत नसते.

सुरुवातीला दाराला आतूनही कडी होती. सहलीच्या दुसऱ्याच दिवशी, करपलेल्या भातावरून त्याने पट्टा काढला तेव्हा ती आत पळाली आणि कडी लावून बादलीवर बसून राहिली. त्याने पहारीने दार उचकटलं, केसांना धरून तिला पायरीवरून खाली ओढलं, आणि तिचं नाक फुटल्यावर, राग शांत झाल्यावर, हत्यारांची पेटी काढून आतली कडीच कापून टाकली.

"माझ्या घरात मलाच कडी लावतेस?"

तेव्हापासून दार आतून लागेना. बादलीवर बसलं आणि वारा आला की ते सताड उघडायचं, आणि बसलेला माणूस अख्ख्या तळ्याला दर्शन द्यायचा. पहिलं दर्शन त्यानेच दिलं. मग पद्धत पडली, की एकाने बसायचं आणि दुसऱ्याने बाहेरून कडी लावून दाराकडे पाठ करून उभं राहायचं. आतून दोनदा टकटक झाली की उघडायचं.

आणखी एक पद्धत किल्लीची होती. ट्रकची किल्ली त्याच्या पँटच्या खिशात असायची. एकदा बसताना ती घसरून बादलीत पडली. ती त्याने बायकोला काढायला लावली, उघड्या हाताने, आणि ती काढत असताना तो दारात उभा राहून हसत होता. त्या दिवसापासून त्याने कानाला खडा लावला. बसायच्या आधी किल्ली आईच्या हातात द्यायची. बायकोच्या नाही. "बायकोच्या हातात स्टिअरिंग दिलं की संसार खड्ड्यात," हा त्याचा आवडता विनोद होता.

चहा पिऊन तो परत आला तेव्हा सासूबाई उठून बसल्या होत्या. बाकावरची गादी ओली झाली होती. त्यांनी तिच्यावर पांघरूण ओढायचा प्रयत्न केला, पण ते पुरलं नाही.

"पुन्हा?"

"कळलंच नाही रे बाळा मला."

"दर मैलाला गाडी थांबवायला लावतेस, आणि तरी गादीतच? चाकांवर घर बांधलं मी, आई. मुतारी नाही बांधली."

"अहो, आजारामुळे होतंय ते," ती म्हणाली. तिने पेला भरून घेतला होता. "पाणी भरपूर जायला हवं त्यांच्या पोटात."

"पाणी बंद." तो अगदी समजावणीच्या सुरात म्हणाला. "आत गेलंच नाही तर बाहेर येईल कुठून? एवढं शास्त्र मलाही कळतं."

त्याने पाण्याचा कॅन उचलला, पायरीवर उभं राहून उलटा धरला आणि रिकामा होईपर्यंत तसाच धरून ठेवला. वाळूने पाणी पिऊन टाकलं. तेवढ्यात तिने हातातला पेला सासूबाईंच्या तोंडाला लावला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि लहान मुलासारखं घाईघाईने पिऊ लागल्या.

तो वळला, आणि पेल्यावर खालून सणसणीत हात मारला.

स्टीलचा पेला सासूबाईंच्या तोंडावर आदळून छताला लागला. सासूबाईंच्या ओठातून रक्ताची धार हनुवटीवर आली आणि पांघरुणावर टपटपू लागली.

"बघ," तो बायकोला म्हणाला. "बघ तुझ्यामुळे काय झालं."

त्याने तिला गळ्याला धरून दाराच्या चौकटीवर आपटलं. ती खाली घसरली तेव्हा बुटाने बरगडीत एक लाथ घातली, मग जरा जागा बदलून दुसरी. तिसरीच्या वेळी तिने अंगाची जुडी केली आणि ती पाठीवर घेतली. श्वास आत जात नव्हता. पत्र्यावर गाल टेकून तिने सासूबाईंकडे पाहिलं. त्या तोंडातून काहीतरी काढत होत्या. दात होता. त्यांनी तो तळहातावर घेऊन थोडा वेळ निरखला आणि मूठ मिटली.

"काही झालं नाही," त्या म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या ते कळलं नाही.

त्याचा राग असाच असायचा, आला तसा ओसरायचा, आणि मागे काही उरलंय असं त्याला वाटायचंच नाही. त्याने पोटावरून हात फिरवला.

"चला, आईला बाहेर बसव. मला बसायचंय."

तिने सासूबाईंना काखेत हात घालून खाली उतरवलं. स्वतःला सरळ उभं राहता येत नव्हतं, त्यामुळे दोघी एकमेकींना धरून उतरल्या असंच कुणी म्हटलं असतं. सासूबाईंचं अंग तव्यासारखं तापलं होतं. ट्रकच्या सावलीत घडीची खुर्ची होती, तिच्यावर तिने त्यांना बसवलं. त्याने येऊन आईच्या हातात किल्ली दिली. सासूबाईंनी ती त्याच मिटलेल्या मुठीत घेतली.

"सांभाळ गं आई. आणि तू, कडी नीट लाव. वारा आहे."

तो आत गेला. तिने दार ओढलं, कडी अडकवली आणि रोजच्यासारखी पाठ करून उभी राहिली. तळ्यावर ऊन चकाकत होतं. प्रत्येक श्वासाला बरगडीत सुई टोचल्यासारखं होत होतं, म्हणून ती अर्धाच श्वास घेत होती. वाळूत बाटली अजून पडलेली होती. तिने ती वाकून उचलली, पुसली आणि उजेडात धरली. रंग सकाळपेक्षा गडद वाटत होता. वाटण्यावर जाऊ नये, हे तिला शिकवलेलं होतं.

आतून दोनदा टकटक झाली.

तिचा हात सवयीने कडीवर गेला. गेला आणि तिथेच राहिला, कारण सावलीतली खुर्ची रिकामी होती. पत्र्यावर, कमरेच्या उंचीवर, रक्ताळलेल्या बोटांचे ठसे ओळीने पुढे गेले होते. केबिनचं दार उघडं होतं.

टकटक पुन्हा झाली, या वेळी मुठीने.

ती पुढे गेली. सासूबाई ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसल्या होत्या. अंगाखाली त्यांनी टॉवेलची चौघडी करून घेतली होती. कुणाच्या आधाराशिवाय त्या एवढ्या उंच कशा चढल्या असतील, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

"आई?"

त्यांनी मूठ उघडली. तळहातावर किल्ली होती आणि तिला चिकटलेला दात. दात त्यांनी बाजूला काढून पदराच्या टोकात बांधला आणि किल्ली पुढे केली.

"व्हॅन चालवायचीस म्हणे तू."

"हो."

"मग ही येईल ना?"

तिने किल्ली घेतली. पण आधी ती मागे गेली. कडी कोयंड्यात पूर्ण बसली आहे का ते अंगठ्याने दाबून पाहिलं. मान वर करून छताची झडप उघडी आहे, आत हवा जाईल, हेही पाहिलं. "उघड गं ए! बहिरी झालीस काय?" आतून आवाज आला. मग तिने खुर्चीची घडी केली, ट्रकच्या वाटेतून बाजूला ठेवली आणि ड्रायव्हरच्या जागेवर येऊन बसली. सीट तिच्या पायांना लांब पडत होती. तिने ती पुढे ओढून घेतली.

इंजिन सुरू झालं तशा आतून दारावर लाथा बसू लागल्या. ट्रक हलत होता तो त्या लाथांनी की खड्ड्यांनी, ते सांगणं अवघड होतं. पहिल्याच वळणाला बादली कलंडल्याचा आवाज आला. पाठोपाठ माणूस आपटल्याचा. मग त्याने जे तोंड सोडलं त्यात तिचं माहेर, तिची लॅब आणि तिचे हात, काहीच सुटलं नाही. कडी हलली नाही. त्याच्या हाताचं काम होतं ते.

मधली काच मागून सरकली. आत भुशाने माखलेली चार बोटं आली.

"आई! आई, थांबव तिला! अगं तुझा मुलगा आहे मी. मारून टाकीन मी हिला, थांबव म्हणतो ना!"

सासूबाई समोरच्या रस्त्याकडे बघत होत्या. ओठ सुजून एका बाजूला गेला होता. मग त्या अवघडत मागे वळल्या.

"बोटं काढ, बाळा," त्या म्हणाल्या.

बोटं निघेपर्यंत त्या थांबल्या. मग काच सरकवून बंद केली आणि पुन्हा समोर बघू लागल्या.

तळ्याचा रस्ता संपून खडीचा सुरू झाला. प्रत्येक धक्क्याला सासूबाईंचे गुडघे एकमेकांवर घट्ट आवळले जात होते आणि कपाळावर घाम जमा होत होता. या दुखण्यात कळ कशी येते, दर दोन मिनिटांनी जीव कसा कासावीस होतो, ते तिला माहीत होतं. तिने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला.

"आई, थांबवू का जरा? लघवीला जाऊन या."

मागे लाथा चालूच होत्या, पण त्यांच्यातला जोर कमी झाला होता.

"नको," सासूबाई म्हणाल्या. "थेट चल. मला लागलेली नाही."

टॉवेलच्या कडेचा रंग बदलत चालला होता. तिने एकदाच तिकडे पाहिलं आणि गिअर टाकला.