खोलीपुरती लेन्स

बाबांनी पक्ष्यांचे फोटो काढायची हौस आयुष्यभर उद्यावर ढकलली आणि कॅमेरा घेतला तो अंथरुणाला खिळल्यावर. आता पैसे एकाच लेन्सपुरते उरले होते. "लांबचं टिपणारी आण," त्यांनी लेकीला बजावलं. "बरा झालो की तळ्यावर जाऊ."

दुकानदाराने दोन लेन्स पुढ्यात ठेवल्या. एक हातभर लांब, दूरच्या पक्ष्यांसाठी. दुसरी वाटीएवढी, घरातल्या माणसांसाठी. "फोटो कसले काढायचेत?" त्याने विचारलं. सकाळी डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन जे सांगितलं, ते काही याला सांगायचं नव्हतं. "एकाच खोलीतले!" ती खेकसली आणि छोटी घेऊन आली.

बाबांनी ती कॅमेऱ्याला लावून खिडकीबाहेर रोखली. तारेवरचा पक्षी तिळाएवढा दिसला.

"मोठी संपली होती," ती म्हणाली. थाप मारणं तिला कधी जमलंच नव्हतं.

बाबांनी डोळा न काढता कॅमेरा तिच्याकडे वळवला.

"डॉक्टरांनी किती दिवस सांगितलेत, ते नंतर सांग," ते म्हणाले. "आधी डोळे पूस. फोटो काढतोय."