नबराची चटई

“पाय आत घे वहिनी, पल्याडच्या बायका आल्या!” शायानं अंगणातूनच हाक दिली, तेव्हा नबरा चटईवर दोन्ही पाय लांब पसरून, भिंतीला डोकं टेकून चक्क घोरत होती.

तिनं दचकून पाय ओढून घेतले. गुडघे कुरकुरले. अंगावरचं जाडंभरडं पांढरं कापड कपाळावर ओढून तिनं मान खाली घातली, तोवर बायका आल्याच. नावेतून उतरून, वाळू तुडवत, चिलटं दूर राहावीत म्हणून डोक्याला धुमसत्या दोऱ्या गुंडाळून आलेल्या त्या सात-आठ जणींनी दारात हात पसरले, ओठांतल्या ओठांत फातिहा म्हटली आणि मग एकदम गळा काढला. “गेला गं तुझा खैरी! घराचा खांब गेला!” नबराही रडली. म्हणजे तिनं आवाज केला. आज चाळिसावा दिवस होता, आता तिला त्याचा सराव झाला होता.

हा घराचा खांब गेली चौतीस वर्षं कैरोत उभा होता. एका सातमजली इमारतीच्या दारात, दरवान म्हणून. लग्नानंतर चार वर्षं तो गावात राहिला, मग गेला. आधी दर वर्षी यायचा, पुढे दोन-तीन वर्षांनी, आणि नंतर तो येईना, त्याची चहा-साबणाची बोचकी तेवढी यायची. तिकडे त्यानं दुसरी बायको केली, तिला मुलगा झाला. यात गावाला नवल वाटावं असं काही नव्हतं. गावातले निम्मे पुरुष कुठे ना कुठे परक्यांची दारं राखत होते, आणि गाव बायका राखत होत्या.

नबराला मूलबाळ नव्हतं. सासू होती. तिनं नऊ वर्षं अंथरूण धरलं, आणि ती नऊ वर्षं तिचं हगणंमुतणं नबरानं काढलं. नदीवरून पाणी, शेळ्यांचा चारा, वाफ्यातल्या घेवड्याची खुरपणी, खजुराच्या झाडांची राखण, पुरानंतर ओट्याची लिंपणी. बाई बसलेली कुणी पाहिली नव्हती. जेवायचीसुद्धा उकिडवी, आता उठायचंच आहे अशी. त्यातून गुडघे गेले. चढ चढताना ती हल्ली हातानं मांडी उचलून पुढे ठेवायची.

आणि आता नवरा मेल्यावर तिला आयुष्यातली पहिली सुट्टी मिळाली होती. विधवेनं चार महिने दहा दिवस चटईवर बसायचं, उंबरा ओलांडायचा नाही, कामाला हात लावायचा नाही. पाणी शेजारीण जवाहिर भरत होती. शेळ्यांकडे शेजारच्या मुली बघत होत्या. चहा हातात येत होता. पहिल्या आठवड्यात नबराला बसूनच दमायला झालं. दुसऱ्या आठवड्यात तिला झोप लागायला लागली, आणि लागली ती अशी, की वर्षानुवर्षांची थकबाकी कुणी मागायला बसलंय. गुडघ्यांची सूज उतरली. बरं वाटतंय याची तिला लाज वाटायची, आणि तरी बरं वाटायचं.

लाजेचं खरं कारण मात्र वेगळंच होतं. नबरा खैरीची विधवा नव्हतीच.

अकरा वर्षांपूर्वी साबणाच्या बोचक्यात एक पाकीट आलं. नबराला वाचता येत नव्हतं. पण पाकिटावरचा सरकारी शिक्का तिला ओळखू आला. गावातल्या कुणाकडे न जाता ती नावेनं पल्याडच्या मास्तरांकडे गेली. मास्तरांनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, “त्यानं तुला तलाक दिलाय, बाई.” ती म्हणाली, “घडी घालून द्या.” परतीच्या नावेत तिनं तो कागद ओच्यात धरला होता. पाण्यात टाकावा असं तिला वाटलं. पण शिक्क्याचा कागद, टाकायचा धीर झाला नाही. पेटीच्या तळाशी तो अजून होता. मास्तर पुढे वारले.

सांगायचं कुणाला आणि सांगून जायचं कुठे? तिचं माहेर हल्फ्याकडचं. ते गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि माणसं उचलून कुठे दूर पूर्वेला नेऊन वसवली. इथे सासू अंथरुणात होती, तिला कुणी उचलून बसवायचं? म्हणून नबरा गप्प राहिली. सासू गेली, तरी गप्पच राहिली. गप्प राहण्याचीही सवय लागते.

मग मालट्रकवाल्यानं खैरी गेल्याची बातमी आणली. नबरा वाफ्यात घेवडा कापत होती. नणंद शाया डोक्यात धूळ घालत, ऊर बडवत आली, तिच्या हातातला विळा काढून घेतला आणि धरून तिला चटईवर नेऊन बसवलं. बोलायचं असतं तर तेव्हाच बोलायचं. नबरा बोलली नाही. कुणीतरी हातातला विळा काढून घेतला, याचंच तिला रडू आलं होतं, आणि गावाला वाटलं ती नवऱ्यासाठी रडतेय.

आज खैरीचा मुलगा येणार होता. मुलाला कागद ठाऊक असणारच. सगळ्या अंगणासमोर त्यानं तोंड उघडलं, की लोक तिला चटईवरून उठवणार, आणि खोटं सुतक धरणारी बाई म्हणून दोन्ही तीरांवर तिचं नाव होणार.

तो दुपारी आला. बोटीत दोन रात्री आणि ट्रकच्या टपावर एक दिवस काढून तो धुळीनं पार पिठासारखा पांढरा झाला होता. मम्दूह त्याचं नाव. पंचविशीचा, काटकुळा, शहरी बूट वाळूनं भरलेले. पुरुषांच्या बैठकीत फातिहा म्हणून झाल्यावर शाया त्याला आत घेऊन आली. सुतकातल्या बाईनं परपुरुषापुढे यायचं नाही, पण हा सावत्र मुलगाच, त्याच्यापुढे बसायला हरकत नव्हती. बायका अंगणात होत्या, कान आतल्या खोलीकडे लावून. त्यांना आपल्या नुबी भाषेपलीकडे काही कळत नव्हतं आणि मुलाला अरबीपलीकडे काही येत नव्हतं. शाया सात वर्षं कैरोत राहून आलेली, म्हणून मध्ये ती बसली.

मुलगा नबराकडे बघेना. “आत्या,” तो हळू आवाजात शायाला म्हणाला, “हिला कसं सांगायचं? आईनं पाठवलंय मला.”

“सांग की. ती काय खाते का तुला?”

“बाबांनी हिला कधीच सोडलंय. अकरा वर्षं झाली. आई तिकडे बसलीय, आणि इकडून निरोप येतात की हीपण बसलीय. आई म्हणते, ती माझ्या नवऱ्याचं सुतक कशाला धरते? उठव म्हणाली तिला.” त्यानं मान खाली घातली. “माझी काही तक्रार नाही हो. पण आईला काय सांगू?”

शायाला वाटत होतं, वहिनीला यातलं ओ का ठो कळत नाही. पण नबराचं लहानपण हल्फ्याच्या बाजारात अरबी ऐकत गेलं होतं. तिला शब्द न् शब्द कळला. तिनं कापडाआड डोळे मिटले.

“काय म्हणतोय गं पोरगा?” बाहेरून जवाहिरनं विचारलं. “एकट्याच ऐकताय होय? आम्हालाही सांगा की!”

शाया उठली, दारात गेली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि एवढ्या मोठ्यानं बोलली, की बैठकीतल्या पुरुषांनाही ऐकू जावं. “म्हणतोय, बाप जाताना एकच नाव घेत होता! नबरा, नबरा करत गेला म्हणे माझा भाऊ!”

अंगण फुटलं. चाळीस दिवसांत असं रडणं झालं नव्हतं. स्वतःच्या नवऱ्यालाही न रडलेली म्हातारी सित्ताना गुडघ्यावर हात आपटायला लागली. पल्याडच्या एकीनं तर लगेच शोकगीतच जुळवलं: कैरोच्या दारात उभा होता, तोंडात नबराचं नाव होतं. बाकीच्या जणी मागून सूर धरायला लागल्या.

शाया आत येऊन चटईच्या कडेला टेकली. कापडाआडचा वहिनीचा चेहरा बघून हिला सगळं कळलंय हे तिच्या ध्यानात आलं, आणि ती कुजबुजली, “गप बस. पोराला मी बघते.”

“वन्सं, तुम्हाला ठाऊक होतं?”

“मग? मला धाडली होती त्यानं आवाज भरून कॅसेट. वहिनीला नीट समजावून सांग म्हणत होता शहाणा.” शायानं नाक पुसलं. “मी तिच्यावर माझ्या पोरीच्या लग्नातली गाणी भरली.”

“आणि तरी मला चटईवर बसवलंत?”

“तुझे गुडघे बघवत नव्हते मला. माझ्या आईपायी गेले ते. मी कैरोत गाद्यांवर लोळत होते तेव्हा.” तिनं वहिनीचा हात घट्ट धरला. “नव्वद दिवस राहिलेत. नव्वद दिवस बसून घे गं, कुणाच्या बापाचं काय जातंय?”

नबराला बसावंसं वाटलं. खरंच वाटलं. नव्वद दिवस पाणी नाही, चारा नाही, चढ नाही. शायाच्या हातावर डोकं टेकून झोपावं असं वाटलं. पण बाहेर ते गाणं चाललं होतं. प्रत्येक ओळीला तिचं नाव येत होतं, आणि प्रत्येक वेळी तिला कुणीतरी कानाखाली मारल्यासारखं होत होतं. त्यानं आपल्याला सोडलं हे तिनं अकरा वर्षं पोटात ठेवलं होतं, ते जड होतं, पण खरं होतं. त्याचं आपल्यावर प्रेम होतं हे खोटं तिला क्षणभरही पेलेना. उद्या ते गाणं नावेतून पल्याड जाईल. लग्नाच्या पोरी ते पाठ करतील. मग खरं काय झालं ते फक्त तिलाच ठाऊक असेल, आणि तिच्या माघारी कुणालाच नाही.

ती भिंतीला धरून उठली.

“वहिनी!” शाया म्हणाली. नबरा उंबऱ्यापर्यंत गेली आणि उंबरा ओलांडून अंगणात उभी राहिली. गाणं मध्येच थांबलं. सुतकातली बाई उन्हात आलेली बघून दोघीतिघी तोंडावर हात ठेवून उठल्या.

“त्यानं माझं नाव घेतलं नाही,” नबरा म्हणाली. “वन्सं माझ्या मायेपोटी बोलल्या. त्यानं मला अकरा वर्षांपूर्वी तलाक दिला. कागद पेटीत आहे. मला ठाऊक होतं, आणि तरी मी बसले. दमले होते म्हणून बसले.”

डोक्यावरच्या दोऱ्यांचा धूर तेवढा वर जात होता.

“म्हणजे आम्ही चाळीस दिवस उगाच तुझं पाणी भरलं?” शेवटी जवाहिर म्हणाली. तिचा आवाज चढला. “कंबर मोडली माझी!”

“भरलंस तर भरलंस,” सित्ताना खेकसली. “तुझ्या पाच बाळंतपणांत तुझ्या घरचं कुणी भरलं होतं? तुझ्या दरवानानं का?”

जवाहिरनं तोंड फिरवलं. पल्याडच्या बायकांना वारा पडायच्या आत नाव गाठायची होती. त्या उठल्या, कपडे झटकले. काही जणी न बोलता गेल्या. दोघींनी दाराशी थांबून जाताजाता हात पसरले आणि फातिहा म्हटली, ती कुणासाठी ते त्यांचं त्यांना ठाऊक. गाणं जुळवणारी मात्र नबराच्या डोळ्याला डोळा भिडवेना. सित्ताना काठी टेकत सगळ्यांत शेवटी निघाली. “वेडी आहेस,” ती म्हणाली. “मी असते तर बसले असते.”

नबरानं आत जाऊन पांढरं कापड उतरवलं, घडी करून ठेवलं आणि रोजचा काळा झगा घातला. शाया कोपऱ्यात रुसून बसली होती. मुलगा उभा होता तिथेच उभा होता. बाहेर काय झालं त्याला कळलं नव्हतं, पण आपल्यामुळे झालं एवढं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

तिनं चूल पेटवली. दुपारचं पीठ भिजवलेलं होतंच. लोखंडी तव्यावर तिनं ते पळीनं पसरलं, घावनाएवढं पातळ, आणि कडा सुटल्यावर बोटांनी उचललं. अशा तीन-चार कबेद पोळ्या झाल्यावर भेंडीचं कालवण आणि ताट तिनं त्याच्यापुढे सरकवलं. तो खाली बसला आणि हात धुवायचा विसरून खायला लागला. तीन दिवसांचा भुकेला होता.

नबरा त्याच्याकडे बघत राहिली. मग मोडक्यातोडक्या अरबीत तिनं विचारलं, “शेवटी जेवत होता का तो?”

मम्दूहचा हात थांबला. हिला आपली भाषा येते, म्हणजे मघाचं सगळं कळलं, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं आणि त्याचे कान लाल झाले. “नाही, मोठी आई,” तो म्हणाला. “महिनाभर घशाखाली काही उतरत नव्हतं. चमच्यानं दूध, तेवढंच.”

“कोण भरवायचं?”

“आई.”

“रात्रीसुद्धा?”

“रात्रीसुद्धा. ती झोपलीच नाही महिनाभर.”

नबरानं मान हलवली. तव्यावरच्या कबेदची कडा सुटली होती, तिनं ती उचलून उलटली.

“मग बरोबर आहे,” ती म्हणाली. “बसायचं तिनंच.” आणि ती कबेद तिनं त्याच्या ताटात वाढली.