उजव्या कानातला स्वर

दोन फ्लूट शेजारी शेजारी वाजल्या की कानात एक तिसरा स्वर उमटतो. खर्जातला, कुणी तोंड मिटून गुणगुणावं तसा. तो कुणीच वाजवत नसतं. दोन स्वरांच्या कंपनांमध्ये जेवढा फरक, तेवढी त्याची कंपनं; तो ऐकणाऱ्याच्या कानातच तयार होतो. संगीताकडे वळण्याआधी मी भौतिकशास्त्र शिकले होते, त्यामुळे मला त्यात कधी गूढ वाटलं नाही. रेगुला त्याला 'आपला भाडेकरू' म्हणायची.

रेगुला त्सुमश्टाइन ऑर्केस्ट्रात माझ्या उजवीकडे बसून दुसरी फ्लूट वाजवायची. पहिली मी. आमचं तारुण्य त्या दोन खुर्च्यांवर सरलं. भाडेकरू स्थिर बसला की आम्ही सुरात, डगमगला की नाही.

एका हिवाळ्यात ती आजारानं गेली. तिच्या जागेसाठी परीक्षा झाली ती नेहमीसारखी पडद्याआड, कोण वाजवतंय ते परीक्षकांना कळू नये अशी, उमेदवाराच्या बुटांचाही आवाज येऊ नये म्हणून गालिचा अंथरून. निवडली गेली लादीना काफ्लिश. डोंगरातल्या गावातली, बऱ्याच शहरांत अशाच पडद्यांमागे वाजवून नकार घेतलेली. आता वर्षभर उमेदवारी होती. वर्ष संपलं की आम्ही फुंकवाद्यांची माणसं हात वर करून ठरवणार, तिला ठेवायची की नाही.

शरदातच भाडेकरू डगमगू लागला.

"तुझी पोरगी वर चढते गं, मार्लीज," ओबो फुंकणारा हान्सपेटर म्हणाला.

"माझी कशी? आपल्या सगळ्यांची."

"सुरात येईल तेव्हा सगळ्यांची."

पहिल्या आणि दुसऱ्या फ्लूटचं जमेना की चूक दुसरीची, हे आमच्याकडे कुणी बोलून दाखवत नाही, पण धरून चालतात. मीही धरून चालले.

तालमीच्या मधल्या सुट्टीत लादीना कॉफी घेऊन माझ्याजवळ आली. "खरं सांगा, मी फार वर असते का?"

"थोडीशी."

"घरी सुराचं यंत्र लावून बघते तेव्हा काटा मधोमध असतो."

"यंत्राला शेजारी नसतो."

तिनं कप खाली ठेवला. "इथं नाही झालं ना, तर मी आता दुसरीकडे पडद्यामागे उभी राहणार नाही. भाऊ म्हणतो, गावी ये, शाळेतल्या पोरांना शिकव, उरलेला वेळ चीजच्या दुकानात. तो वाईट हेतूनं म्हणत नाही. फक्त मला ते नकोय."

तिच्याबद्दल ठाम मत द्यायचं तर ते मोजून द्यावं, म्हणून वसंतात मी सूर मोजायचं छोटं यंत्र आधी खात्रीसाठी माझ्याच फ्लूटला अडकवलं. एकटी वाजवताना काटा मधोमध. हान्सपेटरबरोबर मधोमध. उजवीकडे लादीना बसून वाजवू लागली की माझा काटा केसभर खाली उतरायचा. दर वेळी.

रेगुला नेहमी केसभर खाली वाजवायची. तिच्यासाठी मी खाली यायचे, इतकी वर्षं, नकळत. लादीना कधीच वर चढत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तालमीत मी ओठ सावरून सूर वर धरला. तिसरा स्वर लगेच स्वच्छ आला, पाण्यासारखा, कुणाचाच नसलेला. माझी उजवी बाजू गार पडली. दार उघडं राहिल्यासारखी. चार-सहा मात्रांत माझे ओठ आपोआप ढिले झाले. खाली रेगुला होती.

हात वर करायच्या बैठकीत खरं सांगायचं, असं मी ठरवलं. वाक्यही जुळवून ठेवलं.

बैठकीआधीच्या शेवटच्या मैफिलीत, संथ भागात आम्हा दोघींचे लांब स्वर होते. लादीनानं श्वास घेतला. नाकातून, अर्धवट, शेवटी जीभ टाळ्याला किंचित चिकटून सुटल्याच्या आवाजासह. मग ती वाजवू लागली, केसभर खाली. भाडेकरू येऊन बसला. अगदी जुन्या जागी.

तो श्वास रेगुलाचा होता. लादीनानं तिला कधी पाहिलं नव्हतं, ऐकलं नव्हतं.

"आली एकदाची सुरात," बैठकीत हान्सपेटर म्हणाला आणि त्यानं सर्वांत आधी हात वर केला. मग सगळ्यांनी. माझं वाक्य तोंडातच राहिलं; मीही हात वर केला.

नंतर पांढऱ्या वाइनचे पेले भरले गेले. मी लादीनाला बाजूला घेतलं. वयानं मोठी मी, तेव्हा 'आता मला तू म्हण' हे मीच सांगायचं असतं. ते सांगून म्हणाले, "सुरुवातीपासून तूच बरोबर होतीस. खाली मी होते."

"माहीत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"उमेदवारीत पहिल्या फ्लूटला असं कोण सांगतं? नोकरी हवी होती मला." ती हसली. "म्हटलं, खाली येऊन बघावं. आले. आता वर जाता येत नाही, मार्लीज. घरीसुद्धा काटा खालीच. आणि एकटी वाजवत असले तरी तो गुणगुणणारा स्वर येतो. तुला येतो का तसा?"

"एका फ्लूटनं तो येऊच शकत नाही," मी म्हणाले.

"माहितेय," ती म्हणाली, आणि पेला घेऊन सवयीनं माझ्या उजवीकडे येऊन उभी राहिली.